फलकावर नसलेलं नाव

आमच्या मंडळाच्या फलकावर आजाराचं नाव नाही. पहिल्या दिवसापासून नाही. एक गोडसं नाव आहे. त्यावरून आत संधिवाताची माणसं बसतात की सुगम संगीताची, हे रस्त्यानं जाणाऱ्याला कळू नये. कळू नये म्हणूनच ते ठेवलं. आजाराचं नाव हंटिंग्टन. मेंदूचा आजार, रक्तातून येणारा. मी ते इथे सरळ लिहून टाकते, कारण मंडळाच्या खोलीत ते मोठ्यानं उच्चारलं की लोक अजूनही आधी दार लावलंय का ते बघतात.

मध्यंतरी मला कुणी म्हणालं, मंडळाचा इतिहास लिहा, तुम्ही सुरुवातीपासून आहात. लिहिते. पण त्यांना हवा आहे तो इतिहास दीपप्रज्वलनाच्या फोटोखाली छापण्याजोगा. तसला माझ्याकडे नाही.

आमच्या घरात हा आजार माझ्या आधी येऊन बसला होता. माझे सासरे पिऊन पिऊन गेले, असं मला लग्नानंतर सांगण्यात आलं. ज्या माणसानं आयुष्यात चहापलीकडे काही घेतलं नाही, त्याला गावानं दारुडा ठरवलं आणि घरच्यांनी ते ठरू दिलं. कारण साधं आहे. दारुड्याच्या मुलाला मुलगी मिळते. ज्याच्या बापाचे हातपाय आपोआप नाचत होते आणि आजोबाचेही नाचत होते, त्याला मिळत नाही. ती मिळालेली मुलगी म्हणजे मी. या गोष्टीची मला अजून किळस येते, आणि ती कमी व्हावी अशी माझी इच्छाही नाही.

अमरावतीच्या बाहेर आमची रोपवाटिका आहे. संत्र्याची कलमं. जंबेरी या लिंबाच्या खुंटाला चीर द्यायची आणि तीत संत्र्याच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंब, भरायचा. सगळं बोटांचं काम. यांच्यासारखा डोळा भरणारा आमच्या भागात नव्हता. एका हंगामात डोळे यांच्या बोटांतून निसटायला लागले. मग चाकू पडायला लागला. मग चालताना पाय कुठेही पडायला लागला, आणि शांत माणूस भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावायला लागला. मजूर एकमेकांना डोळे मारायचे. शेजारचा म्हणाला, "भाऊनं आज सकाळीच लावली वाटते." मी तेव्हा त्याच्याशी जे भांडले, ते त्याला अजून आठवतं. मलाही आठवतं आणि बरं वाटतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी यांना सांगितलं, माझी दोन बोटं घट्ट धरून ठेवा. यांनी धरली. मूठ आवळायची, सुटायची, पुन्हा आवळायची. गाईची धार काढताना होते ना, तशी. डॉक्टरांनी ते पाहिलं, सासऱ्यांचं विचारलं, आणि नंतर रक्त तपासून नाव सांगितलं. मग म्हणाले, बाई, तुमच्या मुलीलाही येऊ शकतो. प्रत्येक मुलाला अर्धी शक्यता. मुलगी तेव्हा शाळेत होती. मला एवढंच सुचलं की तिची शाळा सुटायच्या आत घरी पोचायला हवं.

त्याच दवाखान्याच्या बाकावर मला आमचे अध्यक्ष भेटले. तेव्हा ते कशाचेच अध्यक्ष नव्हते. अकोल्यात बियाण्यांचं दुकान, आणि शेजारी चाकांच्या खुर्चीत बायको. तिचं डोकं, खांदे, पाय, सगळं हलत होतं. त्यांनी यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, "वहिनी, भाऊले जेवताना ठसका लागते का? पातळ देऊ नका. पानीसुद्धा जरा घट्ट करून द्या." इतक्या दिवसांत मला कुणी सांगितलेलं ते पहिलं कामाचं वाक्य. पुढे मी या माणसाविषयी जे लिहिणार आहे ते वाचताना हे वाक्यही लक्षात ठेवा. मी ठेवलंय, म्हणून तर जास्त चीड येते.

मंडळ असं सुरू झालं. एकदा त्यांच्या दुकानाच्या माडीवर, एकदा आमच्या रोपवाटिकेच्या शेडमध्ये. बाळापूरचं एक कुटुंब आलं, मग आणखी काही. पलंग काढून गादी जमिनीवर टाका, म्हणजे पडले तरी लागत नाही. कप दोन कानांचा घ्या. माणूस वाळत जातो, तर दिवसभर थोडं थोडं खायला घालत राहा. अध्यक्षांनी एकदा पाटीवर खडूनं आजोबा, बाप, लेकरं अशी आकृती काढून आजार कसा उतरतो ते समजावलं होतं. आई-बाप दोघांकडून आला तर काय, तेही सांगितलं होतं. शास्त्रज्ञासारखे दिसत होते. बायका बोलायच्या, पुरुष कोपऱ्यात तोंड वळवून रडायचे. ते दिवस खरे होते.

मग फलक लावायचा ठरला आणि सगळं नासलं. मी म्हणाले, आजाराचं नाव घाला, म्हणजे ज्याच्या घरी आहे त्याला आपण सापडू. बाळापूरचे गृहस्थ म्हणाले, आनुवंशिक हा शब्दही नको. मेंदू तर नकोच, लोक वेडाचं समजतात. अध्यक्षांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी. घराघरात पोट्टे-पोट्ट्या हायेत." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून मंडळात एकच भांडण आहे, बाकी सगळी त्याची पिल्लं. लग्नाआधी सांगायचं की नाही? मी म्हणत आले सांगायचं. मंडळ म्हणत आलं, बघू.

आता आमच्या वऱ्हाडातली चौकशी कशी असते, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सोयरीक जुळायच्या आधी समोरच्याचा एखादा काका किंवा मामा गावात येतो. पानठेल्यावर उभा राहतो, सुपारी कातरून घेतो आणि सहज विचारल्यासारखं विचारतो, अमक्याचं घर कसं हाय? वागनूक चांगली ना? कुणाच्या ओळखीनं दुसऱ्याकडे जातो, तिथेही तेच. त्यावर लग्न ठरतं. ही पद्धत वाईट नाही. पण आमच्या मंडळानं तिचं काय केलं? बाळापूरच्या घराची चौकशी आली की अकोल्याचे सांगणार, घर निर्मळ. अकोल्याच्या घराची आली की बाळापूरचे सांगणार, सोन्यासारखी माणसं. सगळ्यांची सगळ्यांना माहिती, म्हणून कोणी कोणाविरुद्ध तोंड उघडणार नाही. एकमेकांना धीर द्यायला जमलेली माणसं एकमेकांच्या खोट्याचे जामीनदार झाली.

पातूरची एक मुलगी अशीच बाळापूरच्या घरात आली. सासूचं निदान झालेलं होतं, पण पाहणाऱ्याला ती तेव्हा फक्त थोडी विसरभोळी वाटायची. वर्ष सरलं आणि सासू नाचायला लागली. मुलगी घाबरून मंडळात आली, तिथे तिनं अध्यक्षांना ओळखलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊ, माह्या मामाले तुमीच सांगतलं होतं ना, घर चांगलं हाय म्हनून?" अध्यक्ष खाकरले, गोड हसले आणि म्हणाले, "घर चांगलंच हाय न बेटा. आजार का घराचा गुन्हा हाय?"

मला वाटलं, आता तरी हे थांबेल. पुढच्या मेळाव्यात त्यांनी तिला आदर्श सून पुरस्कार दिला. मंचावर बोलावलं, शाल, नारळ, टाळ्या. आमदारांनी हात जोडून फोटो काढला. फसवून आणलेल्या पोरीला फसवणाऱ्यांनी शाल पांघरली आणि समोरच्या रांगेतल्या बायका पदरानं डोळे टिपत होत्या. मी उठून बाहेर गेले. ती पोरगी मागून आली. शालीची घडी हातात होती. म्हणाली, "कपडा मजबूत हाय, काकू. सासूबाई खुर्चीतून घसरतात, त्यायले बांधाले होते." पुढे मी तिच्याकडे गेले तेव्हा खरंच ती शाल सासूच्या कमरेभोवती होती. तेवढा एक पुरस्कार कामी आला.

तोवर हे गेले होते, आणि अध्यक्षांची बायकोही. शेवटी यांचं सगळं हलणं थांबून अंग लाकडासारखं ताठ झालं होतं. मुलगी मोठी झाली, शेतकीचं शिकली, रोपवाटिका तिनं हातात घेतली. तिला मी काहीच लपवलं नव्हतं. तपासणी करायची का, हा प्रश्न तिचा. तिनं केली नाही. मी एकदाच विचारलं, तर म्हणाली, "आई, मले जेव्हा माईत करून घ्याचं असन तेव्हा घेईन." मी पुन्हा विचारलं नाही.

तिच्यासाठी स्थळ आणलं ते अध्यक्षांनीच. मी स्पष्ट म्हणाले, तिच्या बापाचं त्यांना आधी सांगा. "सांगतलं न वहिनी, सगळं सांगतलं," असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. मुलाकडची मंडळी आली. अध्यक्ष मध्यस्थ म्हणून मधल्या खुर्चीत, पोट पुढे काढून. पोहे झाले, म्हणजे अर्धे झाले. मुलाचे काका संत्र्याच्या बागेचे मालक, बोलायला मोकळे. हळहळून म्हणाले, "पोरीचे वडील अपघातात गेले म्हने. लय वाईट झालं."

मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते बशीतली कोथिंबीर निवडत होते.

मुलीनं पाण्याचं तांब्या-भांडं खाली ठेवलं. "अपघातात नाही गेले, काका. त्यायले हंटिंग्टन होता. मेंदूचा आजार. आजोबालेबी होता. मले होईन का नाही, हे मले माईत नाही. हे तुमाले आधीच सांगाले पायजे होतं."

मुलगा खाली मान घालून बसला. काका उठले. जाता जाता दारात वळून म्हणाले, "रोगट झाडाचा डोळा कोन घेते, बाई?"

"घेऊ नका न," ती म्हणाली. "पन तुमी झाड पाहून नाही म्हनले. झाकून तुमच्या गळ्यात मारलं असतं तर?"

काकांनी पोहे टाकले, पण सुपारी मात्र घेऊन गेले. त्या माणसाचा मला संताप आला, माझ्या पोरीला त्यानं रोगट झाड म्हटलं होतं. पण किळस नाही आली. तो निदान तोंडावर बोलला. किळस मधल्या खुर्चीतल्या माणसाची आली.

मंडळी गेल्यावर तो माणूस शेडमध्ये माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, माफी मागेल. "वहिनी, पोट्टीनं सगळं उघडं पाडलं," ते म्हणाले. "आता बाहेरचं कोनी येनार नाही. मी म्हनतो, माह्या पोट्ट्याले द्या. आपलं आपल्यात. कोनाले सांगाचं काम नाही, कोनी चौकशीले येनार नाही."

त्यांच्या बायकोला हा आजार होता. माझ्या नवऱ्याला होता. दोघांची मुलं एकत्र आणली तर नातवंडांचं काय होऊ शकतं, हे याच माणसानं पाटीवर खडूनं काढून दाखवलं होतं. आणि आता ते हे दयेनं बोलत होते, डोळ्यांत पाणी आणून. मी हौदावर जाऊन तोंड धुतलं, परत येऊन म्हणाले, "भाऊजी, तुम्ही जा." त्या दिवसापासून आमचं बोलणं कामापुरतं उरलं.

त्यांचा मुलगा मात्र लहानपणापासून माझ्या घरातला. अकोल्याला एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी, बापासारखा उंच, आणि जीभ कात्रीसारखी. "काकू, तुमची संत्री आंबट अन् तुमी त्याहून आंबट," असं म्हणत यायचा. त्या प्रकारानंतर काही दिवसांनी लिंबाची रोपं हवीत म्हणून आला. खाटेवर बसून बोलत होता आणि त्याच्या पायाची बोटं चपलेत पेटी वाजवल्यासारखी हलत होती. मी वर्षानुवर्षं ते पाहिलेलं. मी नजर काढून घेतली, पण उशीर झाला होता.

"मले माईत हाय काकू, तुमी काय पाहून राहिल्या," तो म्हणाला. "धरू द्या बोटं. आईचं डाक्टरनं तसंच पाह्यलं होतं."

मी दोन बोटं पुढे केली. त्यानं धरली. मूठ आवळली, सुटली, आवळली. मला यांचा हात आठवला आणि मी तिथेच रडायला लागले. तर तोच म्हणाला, "अवो काकू, तुमी रडल्या तर मी कोनाकडं जाऊ?" मी त्याला म्हणाले, मी डॉक्टर नाही, नीट तपासणी कर. त्यानं केली. निकालाच्या दिवशी फोन आला. "हाय, काकू." एवढंच बोलला. बापाला सांगितलं का, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाला, सांगतो.

आणि याच सुमारास अध्यक्षांनी त्याचं लग्न ठरवायला घेतलं. हिवरखेडची मुलगी, शेतकऱ्याचं चांगलं घर. मुलाची आई बाळंतपणात गेली, असं सांगून झालं होतं. ज्या बाईला त्यांनी इतकी वर्षं घास भरवले, जिच्यासाठी मंडळ काढलं, तिचं दुखणं त्यांनी एका वाक्यात पुसून टाकलं. मला त्यांचा फोन आला. "वहिनी, हिवरखेडचे तुमच्याकडंबी चौकशीले येतीन. घर चांगलं हाय म्हना, एवढंच."

"मी खरं ते सांगेन," मी म्हणाले.

"मंग तुमच्या पोट्टीचं मीबी चारचौघात सांगतो."

"तिनं तुमच्यासमोरच सांगितलं, भाऊजी. तुमच्या मुठीत आता आमचं काही उरलं नाही."

फोन आदळला. त्यानंतर फाटक वाजलं की मी बाहेर जाऊन बघायची. एका अनोळखी पोरीचं अख्खं आयुष्य माझ्या दारात चौकशीला येणार, आणि मी चार वाक्यांत त्या पोराचंही सगळं उघडं करणार. सांगायचं हे पक्कं होतं. तरी मी ती वाक्यं पुन्हा पुन्हा बदलत होते, कारण तो पोरगा माझ्या ताटात जेवलेला होता. पण हिवरखेडचं कोणी आलंच नाही.

आले ते अध्यक्ष. डोळे भरायचा हंगाम, शेडमध्ये मजूर बसलेले, मुलगी त्यांच्यात. गाडी फाटकात आडवी लावून ते तिथूनच ओरडत आले. "वहिनी! सोयरीक मोडली! मंडळातल्या बाईनं मंडळाच्याच अन्नात माती कालवली! काय बिघडवलं होतं तुमचं माह्या पोट्ट्यानं?" मजुरांचे हात थांबले. मी उत्तर देणार, तेवढ्यात गाडीचं दुसरं दार उघडून मुलगा उतरला. उतरताना जरा झोकांडला.

"बाबा, काकूनं काही केलं नाही. मी गेलो होतो हिवरखेडले."

"तू? काहून?"

"सांगाले. आईचं. अन् माहं."

"तुहं काय?"

त्यानं हात पुढे केला. बोटं आपली आपण हलत होती, एक उचलायचं, एक वळायचं. दवाखान्याच्या बाकावर माझ्या नवऱ्याला एका नजरेत ओळखणारा हा माणूस स्वतःच्या घरात इतके दिवस आंधळा कसा राहिला, देव जाणे. आता त्यानं पाहिलं. चेहरा एकदम म्हातारा झाला. मला वाटलं, आता ते पोराचा हात हातात घेतील, आणि मी त्यांना सगळं माफ करीन. मी खरंच तयार होते.

अध्यक्षांनी फाटकाकडे पाहिलं. मजुरांकडे पाहिलं. मग पोराच्या जवळ जाऊन, आवाज अगदी खाली आणून विचारलं, "आनखीन कोनाले सांगतलं?"

मुलीनं हातातला चाकू खाली ठेवला आणि उठून त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तो हसला. तशा वेळीही त्याला हसू आलं.

"हापिसात सांगतलं. मित्रायले सांगतलं. हिवरखेडच्या पोट्टीले सांगतलं, तर तिनं पानी देल्लं अन् सांभाळून जा म्हनली. तुमालेच तेवढं सांगाचं राह्यलं होतं, बाबा."